मागणं पहिल्या ओळीत

रायपूरच्या विमानतळावर, आत शिरायच्या काचेच्या दारापाशी, बाबा तिथल्या जवानाशी बोलत उभे होते. त्यांना विचारायचं एवढंच होतं, की मुलगी सामान देईपर्यंत आम्हाला पाच मिनिटं आत येऊ द्याल का. पण बाबांना असं थेट विचारता येत नाही. "भैया, आपकी ड्यूटी भी बड़ी कठिन है," त्यांनी सुरुवात केली. "दिनभर खड़े रहना, एक-एक आदमी का कागज देखना…" मग ते स्वतः रेल्वेच्या मालधक्क्यावर चौतीस वर्षं कसे होते, तिथंही कागद कसे तपासावे लागत, ते आलं. मग आमच्या घराण्यात विमानात बसणारी ही पहिलीच पोरगी, ते आलं. मागे रांग वाढत होती. जवान भला होता, मान हलवत ऐकत होता. पण बाबा मागण्यापर्यंत पोचायच्या आत मागून कोणीतरी ओरडलं आणि जवानानं माझं तिकीट बघून मला आत सोडलं. "अंकलजी, जरा साइड में," तो म्हणाला.

मी वळून पाहिलं तेव्हा बाबांचं वाक्य अजून तोंडातच होतं. आई हात हलवत नव्हती. ती बाबांकडे रागानं बघत होती.

आम्ही रायपूरच्या गुढियारी वस्तीतले. माझे आजोबा भंडाऱ्याकडून रायपूरला आले ते मालगाडीत पोती चढवायला. बाबा पुढे त्याच धक्क्यावर कारकून झाले. घरात नागपुरी वळणाची मराठी, दाराबाहेर हिंदी आणि भाजीवालीशी छत्तीसगढी, अशी आमची भाषा. माझं शिक्षण सगळं हिंदी माध्यमातलं. मराठी लिहायला-वाचायला बाबांनी घरीच शिकवलं, रविवारी विहारातून आल्यावर, पाटीवर. म्हणून आज हे मराठीत लिहिता येतंय. जे माझ्यासारखे निघून गेले आणि जे तिथंच राहिले, त्या दोघांसाठीही लिहितेय.

बाबा आमच्या पाऱ्याचे, म्हणजे मोहल्ल्याचे, अर्ज लिहून द्यायचे. नळाला पाणी नाही, रेशन कार्डावर नाव चुकलंय, पोराला शाळेत घेत नाहीत, अशी माणसं सकाळी ओट्यावर येऊन बसायची. बाबा चष्मा पुसायचे, कोरा कागद पुठ्ठ्यावर घ्यायचे आणि 'सविनय निवेदन है कि' असं वळणदार अक्षरात लिहायचे. मी शेजारी बसून कागदाखाली कार्बन लावून द्यायची. त्यांचा नियम ठरलेला होता. "पयले समोरच्याचा मान. मंग आपली हकीकत. मंग कारण. मांगणं सगळ्यात शेवटी, अन् तेबी हळूच. मांगणं पयल्या ओळीत टाकलं का सायब कागद बंद करते." बाबांचे अर्ज बहुतेक वेळा मंजूर व्हायचे. त्यामुळे आपलं म्हणणं कागदावर मांडायचं ते असंच, याबद्दल मला कधी शंका आली नाही.

पाच वर्षं मी रायपूरच्या एका शाळेत शिकवलं. मग शासनाची शिष्यवृत्ती मिळाली, शिक्षणशास्त्रात एम.ए. करायला इंग्लंडला जायची. त्याआधी इंग्रजीची परीक्षा द्यायची होती, म्हणून बुढापाऱ्यात, तलावाजवळच्या एका माडीवर भरणाऱ्या क्लासला गेले. तिथल्या सरांनी आम्हाला वीस वाक्यांशांची यादी पाठ करायला लावली. मोरओव्हर, फर्दरमोर, इन अ नटशेल. "बस, हर पैरा में दो डाल दो," ते म्हणायचे. मी टाकले आणि पास झाले. मला वाटलं, इंग्रजीत निबंध लिहिता येतो आपल्याला.

शेफील्ड हे पोलादाचं जुनं शहर, म्हणून मनात भिलाईसारखं काहीतरी धरून गेले होते. तसं काही नव्हतं. टेकड्या होत्या, उतरत्या रस्त्यांवर विटांची एकसारखी घरं होती, आणि सप्टेंबरातच हात गार पडत होते. पहिला निबंध दोन महिन्यांनी द्यायचा होता. विषय असा की शिक्षेशिवाय वर्गात शिस्त राखता येते का. मी तीन आठवडे त्यावर बसले. सुरुवात प्राचीन काळापासून केली. गुरुकुलं आली, समाजातलं शिक्षकाचं स्थान आलं, सरकारांचे प्रयत्न आले. मोठमोठ्या विद्वानांचे परिच्छेद जसेच्या तसे उतरवले. आणि शेवटच्या पानावर, अगदी हळूच, लिहिलं की बहुधा राखता येत असावी.

शंभरापैकी अडतीस मिळाले. पास व्हायला पन्नास लागत होते. वर पत्र आलं, की निबंधातले सहा परिच्छेद दुसऱ्यांच्या पुस्तकातले आहेत आणि तसं कुठंही म्हटलेलं नाही, तरी भेटायला यावं.

त्या भेटीत मी काय बोलले ते सगळं आठवत नाही. एवढं आठवतं, की मी चोरी केलेली नाही हे सांगायला मला इंग्रजी सापडत नव्हतं. आमच्या शाळेत थोरांची वाक्यं अक्षरही न बदलता लिहिली की मार्क जास्त मिळत. बदलणं हाच आगाऊपणा. मी तसं तुटकतुटक सांगितलं. विभागप्रमुख बाई समजूतदार होत्या. शिक्षा केली नाही. पण हा निबंध पुन्हा लिहायचा आणि पुढचाही पास व्हायचा, नाहीतर शिष्यवृत्ती थांबेल आणि परत जावं लागेल, हे स्पष्ट सांगितलं. बाहेर आले आणि पायऱ्यांवर बसून विचार केला, परत जावं लागलं तर किती बरं होईल. तो विचार आल्याबरोबर मी उठून उभी राहिले, कारण तो खरा होता.

मला हेलनकडे पाठवलं. परदेशी विद्यार्थ्यांना लिहायला मदत करणारी ही बाई साठीची होती, सायकलवरून यायची आणि बोलताना हेल्मेट मांडीवर ठेवायची. तिनं माझा निबंध पूर्ण वाचला होता. तिनं विचारलं, "तुझं म्हणणं मला सहाव्या पानावर सापडलं. तोवर लपवून का ठेवलंस?"

मी म्हटलं, तिथवर पोचायला आधी वाट चालावी लागते.

"वाचणाऱ्याला आधी कळू दे कुठं जायचंय," ती म्हणाली. "मग तो येईल तुझ्याबरोबर." आणि मग तिनं पेन खाली ठेवून विचारलं, "या प्रश्नावर तुला स्वतःला काय वाटतं?"

 आमच्याकडे 'तुले काय समजते?' हे वाक्य फक्त रागावताना म्हणतात. कोणी खरोखरचं विचारेल अशी कधी वेळच आली नव्हती. हेलन थांबून राहिली. तिला घाई नव्हती, आणि मला रडू येत होतं.

त्यानंतरचे तीन महिने मी लिहायला शिकले, म्हणजे खरं तर उलटं व्हायला शिकले. माझा एकेक विचार मराठीत उठायचा, हिंदीत कपडे बदलायचा आणि इंग्रजीत पोचेपर्यंत दमलेला असायचा. 'द' कुठं लावायचा हे तर आजही नीट कळत नाही. आमच्या तिन्ही भाषांत ती वस्तूच नाही. 'सगळ्यांना माहीत आहे की' असं लिहिलं, की हेलन बाजूला लिहायची, 'कोणाला?' म्हण टाकली, की 'पुरावा?' माझ्या बाकावर व्हिएतनामची एक मुलगी बसायची. ती म्हणाली, आमच्याकडेही पाहुणा दारातच काम सांगत नाही, आधी बसतो, पाणी पितो. आम्ही दोघी त्यावर खूप हसलो आणि आपापली पहिली ओळ पुन्हा खोडली.

सगळ्यात अवघड होतं ते विरुद्ध बाजू मांडणं. आपलं मत सांगायचं, मग ज्याला ते पटत नाही त्याचं म्हणणंही तितक्याच ताकदीनं मांडायचं, आणि मग त्याला उत्तर द्यायचं. मला वाटायचं, विरोधकाची वकिली मी काहून करू?

पहिला निबंध पुन्हा लिहून कसाबसा पास झाला. दुसऱ्याचा विषय होता, प्राथमिक शिक्षण मातृभाषेतूनच असावं का. माझं मत तयार होतं: असावं. पहिल्या ओळीत तसं लिहिलंही. पुस्तकं होती, रेफरन्स होते. पण विरुद्ध बाजूचा परिच्छेद काही केल्या उभा राहीना. चार ओळींच्या पुढे जाईना. आणि अचानक ध्यानात आलं, ही विरुद्ध बाजू तर माझ्या घरात बसलीय. मला मराठी शाळेत न घालता हिंदीत घालणारा माणूस सकाळ-संध्याकाळ माझ्याशी फोनवर बोलतो, आणि मी त्याला कधी विचारलेलंच नाही.

रविवारी सकाळी फोन लावला. तिकडे दुपारची जेवणं झाली होती.

"बाबा, मले मराठी शाळेत काहून नाई टाकलं?"

"जेवली का तू?" बाबा म्हणाले. मग आईच्या गुडघ्याचं सांगितलं, समोरच्या नालीचं काम अर्धवट पडलंय ते सांगितलं.  असं वळसा घेऊन मुद्द्यावर यायची सवय मला त्यांचीच होती.

"मी आठ वर्षांचा होतो, इकडे आलो तवा," शेवटी ते म्हणाले. "गुर्जीनं वर्गात काई तरी विचारलं. मले उत्तर येत होतं. मी उभा राहून मराठीत सांगतलं. सारा वर्ग हासला, अन् गुर्जीबी हासले. मंग मी वर्षभर शाळेत बोललोच नाई. त्याइले वाटलं, पोट्टा मुका हाय."

 हे मला कधी कोणी सांगितलं नव्हतं.

"तू झाली तवाच मी ठरवलं, हिच्यावर कोणी हासू नाई."

"अन् आई काय म्हणे तवा?"

"तुही आई म्हणे, भाषा गेली का माणूस आपल्याच घरी पाव्हणा होते. पंधरा दिवस बोलली नाई माह्याशी." मग म्हणाले, "तेबी बरोबर होती. मीबी बरोबर होतो."

"दोघं कसे बरोबर राहीन, बाबा?"

"तुह्या पेपरात नसन राहत," बाबा म्हणाले. "घरात राहते."

तो परिच्छेद मी त्याच दिवशी लिहिला. हेलननं वाचला आणि म्हणाली, अख्ख्या निबंधात हा सगळ्यात बळकट आहे, पण हा माणूस कोण, ते सांगायला हवं. वडिलांचं बोलणं पुरावा म्हणून चालतं का, मी विचारलं. ती म्हणाली, जे कुठं छापलेलं नाही, प्रत्यक्ष बोलण्यातून कळलंय, तेही देता येतं, त्याची एक रीत आहे. तिनं दाखवलं तसं मी लिहिलं: बाबांचं आडनाव, स्वल्पविराम, व्यक्तिगत संवाद, तारीख. विद्वानांच्या रांगेत, कंसात, आमचं आडनाव. त्या कंसाकडे मी बराच वेळ बघत बसले.

फोनवर हे बाबांना सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "स्पेलिंग बरोबर टाकली ना?"

निबंधाला चौसष्ट मिळाले. एम.ए. पूर्ण झालं, आणि तिथल्याच एका शाळेत काम मिळालं. युद्धातून, दुष्काळातून आपला देश सोडून आलेली मुलं, ज्यांना इंग्रजीचा शब्द येत नाही, त्यांना वर्गात रुळवायचं. दोन वर्षांचा करार होता. मला ते काम हवं होतं. आणि ते घरी सांगायचं होतं.

फोनवर माझ्यानं बोलवलं नसतं, म्हणून पत्र लिहिलं. कागदावर मराठीत लिहून त्याचा फोटो पाठवला. इतक्या महिन्यांत मी जे शिकले होते ते माझ्या हातात आता इतकं मुरलं होतं, की पत्र आपोआप तसंच उतरलं. पहिली ओळ: 'बाबा, आई, मी अजून दोन वर्षं परत येणार नाही.' मग तीन कारणं, एकापुढे एक. आणि मग, मला आता लिहितानाही लाज वाटते, विरुद्ध बाजू. 'तुम्ही म्हणाल, आईचा गुडघा दुखतो. पण त्यासाठी मी डॉक्टरांशी बोलले आहे. तुम्ही म्हणाल, लग्नाचं वय जातंय. पण त्याबद्दल माझा विचार वेगळा आहे. तुम्ही म्हणाल, आम्हाला एकटं वाटतं. पण…'

त्या 'पण'च्या पुढे मी काय लिहिलं होतं ते इथं सांगत नाही. मुद्देसूद होतं.

बाबांचं उत्तर आलं नाही. आठवडा गेला, दुसरा गेला. फोनवर यायचे, जेवली का, थंडी किती, एवढंच बोलून फोन आईकडे द्यायचे. शेवटी आईलाच विचारलं.

"वाचलं त्याइनं," आई म्हणाली. "दोनदा वाचलं. मंग चष्मा काढून ठेवला."

"रागावले का?"

"रागावन कशाले? म्हणे, अर्ज चांगला लिवला पोट्टीनं." मग म्हणाली, "पण बाई, आमी बोलाचं तेबी तूच बोलून टाकलं, अन् तूच खोडून टाकलं. आमाले जागाच कोठी ठेवली तू?"

मी शाळेतल्या कपड्यांच्या खोलीत, लहान मुलांच्या ओल्या कोटांमध्ये उभी राहून हे ऐकत होते. निबंधातला विरोधक कागदाचा असतो. त्याला उत्तर दिलं की तो संपतो. हे मला कोणी शिकवलं नव्हतं, आणि शिकवायला हवं होतं असंही नाही. ते मलाच कळायला हवं होतं.

पुढच्या हिवाळ्यात तीन आठवडे सुट्टी काढून रायपूरला गेले. आईनं फरे केले, शेजारच्या छत्तीसगढी काकूंकडून शिकलेले, तांदळाच्या पिठाचे, वाफवून मोहरीची फोडणी दिलेले. सकाळी मी उन्हात ओट्यावर बसायची. अर्ज लिहून घ्यायला आता फारसं कोणी येत नव्हतं. सगळं मोबाइलवर झालं होतं. बाबा तरी पुठ्ठा घेऊन बसत, वर्तमानपत्रातलं एखादं वाक्य उतरवून काढत. पाऱ्यातल्या मैत्रिणी भेटल्या. त्यांची मुलं माझ्याशी हिंदीत बोलली. मी मराठीत विचारायची, ती समजून हिंदीत उत्तर द्यायची. माझा विद्यापीठातला निबंध नेमका याच मुलांबद्दल होता, पण त्यांच्यापुढे मला त्यातलं एक वाक्यही म्हणावंसं वाटलं नाही.

पत्राचा विषय मी एकदा काढून पाहिला. "बाबा, मी ते तसं लिवाले नाई पायजे होतं."

"काहून? बरोबरच होतं सारं," बाबा म्हणाले. "मी तपासलं ना."

निघायचा दिवस आला. दुपारचं विमान होतं. मी आतल्या खोलीत बॅगेची चेन ओढत होते, टॅक्सी दहा मिनिटांवर होती. बाबा दारात येऊन उभे राहिले.  मग म्हणाले, "नको जाऊ."

मी वाट बघितली. वाटलं, आता पुढचं येईल. आईचा गुडघा, घर रिकामं, काहीतरी. माझ्याकडे सगळ्याचं उत्तर तयार होतं. पण बाबांनी एकही कारण दिलं नाही. दोनच शब्द म्हणाले आणि माझ्याकडे बघत राहिले. अशा दोन शब्दांना काय उत्तर देतात हे मला ठाऊक नव्हतं, अजूनही नाही.

"बाबा, तिकीट हाय," मी म्हणाले. आयुष्यात इतकं पोकळ वाक्य मी कुठल्याही भाषेत बोलले नसेन.

"हव," बाबा म्हणाले. त्यांनी बॅग उचलली आणि मला हात न लावू देता ओट्याखाली उतरवून ठेवली.

मी शेफील्डला परत आले. करार संपला, आणखी एक वर्ष वाढला. माझ्या वर्गात आता एक सुदानची मुलगी आहे. सहा महिने ती बोललीच नाही. सगळ्यांना वाटत होतं तिला काही समजत नाही. मी त्यांना सांगितलं की थांबा, आणि का थांबायचं हे विचारलं तेव्हा पुराव्यादाखल माझ्याकडे एकच माणूस होता. गेल्या महिन्यात ती बोलली. मला चुकून 'आई' म्हणाली, तिच्या भाषेत, आणि लाजली.

घर म्हणजे आता काय, असं इथले लोक कधीकधी विचारतात. मी रायपूर म्हणते. मग ते कुठं आहे ते सांगावं लागतं, मग तिथं मराठी कशी ते सांगावं लागतं, आणि तोवर विचारणाऱ्याचा चहा संपलेला असतो.

मागच्या रविवारी फोन केला, तर आई म्हणाली, "काय वं, तुह्या घरी थंडी हाय का अजून?" ती सहज बोलून गेली. पण 'तुह्या घरी' असं ती पहिल्यांदाच म्हणाली होती, आणि ते आम्हा तिघांनाही ऐकू आलं.

"तिचं घर इथं हाय," मागून बाबा म्हणाले. "तिथं खोली हाय तिची."

"खोलीत कोणी तीन-तीन वर्षं राहते का?" आई म्हणाली.

"मी राहिलो नाई का? बिलासपूरले बदली झाली तवा? तू मले म्हणत होती का, तुह्या घरी कसं हाय?"

"तुमची गोष्ट अलग. तुमी दर शनिवारी येत होते."

"मंग तिले काय शनिवारी येता येते?"

"तेच तर म्हणून राहिली मी!"

दोघांची जुंपली. मी फोनवर आहे हे दोघंही विसरले. मी कोणाला थांबवलं नाही. फोन स्पीकरवर टाकला, टेबलावर ठेवला आणि पोळ्या लाटायला घेतल्या.